कणकेचा गोळा आणि गर्भाशय

ज्या माणसाने मला आणि माझ्याबरोबरच्या बायकांना चारचौघांत वेडं ठरवलं, त्याच्या सत्काराचं श्रीखंड मी केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या रागाचं कोणाला नवल वाटायला नको. अमेरिकेतल्या चँडलर गावात तेव्हा चक्का मिळत नसे. सावर क्रीम आणि दही एकत्र करून पंच्यात बांधायचं, बाथरूममधल्या शॉवरच्या नळाला टांगायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत घरात कोणी आंघोळीचं नाव काढायचं नाही. एवढा खटाटोप केलेलं श्रीखंड श्रीरंगकाकांच्या वाटीत पडलं. ‘वेलदोडा थोडा जास्त झालाय,’ असंही ते म्हणाले.

श्रीरंगकाका तसे कोणाचेच काका नव्हते. फिनिक्सच्या आसपास मोजकी मराठी घरं होती, त्यांत ते सगळ्यांच्या आधी आलेले. मनोविकारांचे डॉक्टर, मोठा दवाखाना, अंगणात पोहण्याचा तलाव. नव्याने आलेल्यांना विमानतळावरून आणायला तेच जात. आमचा अमेरिकेतला पहिला आठवडा त्यांच्याच घरी गेला. मला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं आणि मी त्यांच्या कुंपणावर गाडी घातली तेव्हा हसलेही. माणूस वाईट असता तर मी एवढी चिडले नसते.

साल पंच्याऐंशी. शैलेंद्र, म्हणजे माझा नवरा, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता. चिपचा नाही, इमारतीचा. हवा, पाणी, पाइप, पंखे हे त्याचं खातं. मी नागपूरची, इतिहास घेऊन बी.ए. झालेली. त्या पदवीला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात कोण विचारतो? शैलेंद्रच्या बहिणीने आमचं ग्रीन कार्ड केलेलं होतं, त्यामुळे नोकरीची अडचण नव्हती. कंपनीत लाइनवर बायका घेत होते. मीही लागले.

लाइन होती क्लीनरूममध्ये. पांढरा डगला, टोपी, तोंडाला कापड, बुटांवर पिशव्या, उघडे फक्त डोळे. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय जपतात हे लोक आपल्याला! मग कळलं, जपत होते ते चिपला. आपला केस, आपला कोंडा, आपली पावडर तिच्यावर पडू नये म्हणून आपल्याला गुंडाळायचं. हवा गाळून आत सोडायची तीही धुळीपायी. चिप धुवायच्या रसायनांच्या वाफा मात्र गाळण्यांत अडकत नसत, त्या बाहेर ओढायला वेगळे पंखे होते. लाइनवर सगळ्या बायका. टेरेसा आणि तिच्यासारख्या मेक्सिकन, काही व्हिएतनामहून आलेल्या, दोन-चार गोऱ्या, आणि मी. पुरुष काचेच्या पलीकडे बसत.

त्या खोलीत नेहमीच पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांसारखा वास यायचा. ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो इतका दाट झाला की जीभ जड पडली आणि तोंडात नाणं धरल्यासारखी चव आली. गुडघे गेले. सगळ्यांत आधी पडले ती मी. मला उचलायला टेरेसा वाकली, ती माझ्यावरच कोसळली. मग आमची पूर्ण रांग. एकजण तोंडावरच्या कापडातच ओकली. आम्हाला बाहेर पार्किंग लॉटमध्ये नेऊन तापलेल्या डांबरावर निजवलं. पांढऱ्या डगल्यांत रांगेने पडलेल्या आम्ही कशा दिसत असू, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी कंपनीने आतली हवा तपासली. हवा स्वच्छ निघाली. मग कारखान्याचा साहेब म्हणाला, एखादा मानसोपचारतज्ज्ञ बघायला हवा, आणि शैलेंद्रने काकांचं नाव सुचवलं. मला त्याचा अभिमान वाटला होता. आपला माणूस आहे, आपलं ऐकून घेईल, असं मी टेरेसालाही सांगितलं.

काका आधी आमच्या घरीच आले, ‘घरच्यासारखं बोलायला’. मी भरली वांगी केली होती. पोळ्या वाढता वाढता मी त्यांना सगळं सांगितलं. वास, जीभ, गुडघे. उन्हाळ्याच्या आधी माझं एक राहिलेलं पोटातच गेलं होतं, तेही सांगितलं. टेरेसाचंही गेलं होतं. तिच्या पलीकडे बसणाऱ्या व्हिएतनामी लानचंही. आता मला पुन्हा दिवस गेले होते आणि हे अजून शैलेंद्रशिवाय कोणाला माहीत नव्हतं, तेसुद्धा मी काकांना सांगितलं. म्हटलं, काका, मला हे मूल हवंय. त्या खोलीत काहीतरी आहे, ते शोधायला सांगा त्यांना. काकांनी मान हलवली. मग माहेरची चौकशी केली. आई कशी, घरात कोणाला फिट्स वगैरे?

फिट्स नाहीत, मी म्हटलं, पण आमच्या आक्कामावशीच्या अंगात यायचं. अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकता फुंकता ती घुमायला लागायची आणि सासूला एकेरीत हाक मारून वर्षभराचा हिशेब चुकता करायची. सासू हात जोडून उभी! दुसऱ्या दिवशी आक्कामावशी पुन्हा डोक्यावर पदर घेऊन निमूट भांडी घासायला बसायची. काका खो खो हसले. मीही हसले. त्यांनी आणखी एक पोळी मागून घेतली.

डॉक्टरला आपण काका म्हणतो आणि मग त्याच्यासमोर काय बोलावं, काय नाही, याचा विचारच करत नाही. गोऱ्या डॉक्टरला मी आक्कामावशीचं नाव तरी सांगितलं असतं का?

शुक्रवारी निकाल आला. साहेबाने सगळ्यांना बोलावून सांगितलं की हवेत काहीही नाही, आम्हाला जे झालं त्याला मास हिस्टेरिया म्हणतात. एकीला पाहून दुसरीला होतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सोमवारपासून लाइन सुरू. जी येणार नाही तिने दुसरी नोकरी बघावी. त्या वर्षी चिपचा धंदा बसला होता, दर शुक्रवारी कोणाला ना कोणाला सामानाचं खोकं हातात देऊन घरी पाठवत होते. टेरेसाने फक्त माझ्याकडे पाहिलं. हाच का तुझा माणूस, असं ती म्हणाली नाही, पण मला ते ऐकू आलं.

आणि शनिवारी दुपारी मंडळाची दिवाळी. एका शाळेचं जेवणघर भाड्याने घेतलेलं, बिस्क्विक या तयार पिठाचे गुलाबजाम, पणत्या लावायला शाळेची परवानगी नाही म्हणून विजेची माळ. अध्यक्ष जगन्नाथराव यांनी काकांना शाल पांघरली, नारळ दिला. एवढ्या मोठ्या अमेरिकन कंपनीने आपल्या मराठी माणसाचा सल्ला घेतला, असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शैलेंद्रनेही वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत होते आणि माझे हात मांडीवर होते.

काकांनी भाषणाचा विषय घेतला होता, ‘मास हिस्टेरिया: अर्थ आणि व्युत्पत्ती’. बोलायचे छान, त्याला माझी ना नाही. हिस्टेरिया हा शब्द ग्रीकांचा, हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. त्या लोकांना वाटे की गर्भाशय एका जागी राहत नाही, बाईच्या अंगात भटकतं. छातीत शिरलं की ती गुदमरते, गळ्याशी आलं की किंचाळते. आपल्या वैद्यांनी त्याला नाव दिलं योषापस्मार, योषा म्हणजे स्त्री. दोन्हीकडच्या शहाण्यांचं किती एकमत पाहा, काका म्हणाले, आणि पुरुषमंडळी हसली. मग मास. मास म्हणजे लॅटिनमधला ‘मास्सा’ हा शब्द, कणकेचा मळलेला गोळा. दाणे वेगळे राहत नाहीत, सगळे एकजीव होतात.

कणकेचा गोळा आणि गर्भाशय. म्हणजे बाईने जन्मभर ज्या दोन गोष्टींपायी राबायचं, त्या दोन्ही घेऊन यांनी तिच्या वेडाचं नाव बनवलं. हजारो वर्षं हे विद्वान बाईच्या पोटात काय फिरतंय ते शोधत बसले. ती ज्या खोलीत बसते तिथली हवा कशी आहे, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी मी बसून राहिले. आपले लोक, सणाचा दिवस, वडीलधारा माणूस.

मग काका म्हणाले, आपल्याकडे हे काही नवीन नाही, आपण यालाच अंगात येणं म्हणतो. आता ज्या कंपनीत हा प्रकार झाला, तिथे सगळ्यांत आधी जी बाई पडली तिची मावशी, नाव सांगत नाही, घागर फुंकताना सासूला शिव्या द्यायची. हे ऐकलं आणि सगळं कोडं सुटलं. बीज तिथे होतं, बाकीच्या बायकांनी नुसतं पाहिलं. कंपनीच्या लोकांना मी हे सांगितलं, तर ते थक्क झाले!

लोक हसले. नाव सांगितलं नाही म्हणे. त्या कंपनीत लाइनवर मराठी बाई किती होत्या? शेजारची कांचन माझ्याकडे पाहून पटकन खाली बघू लागली. माझ्या ताटात जेवून, माझ्या पोळीचा घास तोंडात असताना ऐकलेली माझी मावशी या माणसाने कंपनीला नेऊन विकली होती. पैसे घेऊन नाही. शाबासकी घेऊन. माझ्या एकटीच्याच नाही, टेरेसाच्या आणि लानच्या गळ्यातही आक्कामावशी अडकवून काका मोकळे झाले.

मी उठले.

‘काका,’ मी म्हटलं, ‘तुम्ही त्या खोलीत गेला होतात का?’

काका हसून म्हणाले, त्याची गरज नव्हती, बायकांशी कॉन्फरन्स रूममध्ये बोलणं झालं. मी विचारलं, फक्त बायकांनाच का झालं, याचं कारण गर्भाशयात शोधलंत, पण त्या खोलीत फक्त बायकाच बसतात हे कोणी सांगितलं नाही का तुम्हाला? वासाचं मी सांगितलं होतं. जीभ जड झाल्याचं सांगितलं होतं. तीन बायकांची पोटं रिकामी झाली, तेही सांगितलं होतं. त्यातलं काहीच तुमच्या लक्षात राहिलं नाही, माझी मावशी तेवढी राहिली? माझा आवाज चढला होता. रागाने चढतो तसाच, दुसरं काही नाही.

जगन्नाथराव म्हणाले, वहिनी, नंतर बोलू. काकांनी मात्र त्यांना हाताने थांबवलं आणि फार मायेने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘विनीता, बाळा, बस. पाणी पी. हे जे आत्ता होतंय ना, हा त्याचाच भाग आहे.’

माझ्यापुढची वाटच बंद केली की हो त्यांनी. गप्प बसले तर काका बरोबर, बोलले तर काका आणखी बरोबर. लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत होते. त्या कीवेपेक्षा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. आक्कामावशीला देवीच्या आडून का बोलावं लागत होतं, हे त्या क्षणी मला समजलं. ती सरळ बोलली असती तर तिलाही कोणीतरी पाणी आणून दिलं असतं.

मी शैलेंद्रकडे वळले. तो इंजिनियर होता, त्याच इमारतीतला. मी म्हटलं, तू सांग यांना, त्या खोलीत वास येतो की नाही. शैलेंद्र उठला, माझ्या कोपराला धरलं आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, ‘सॉरी हां. थोडी दमलीय ती.’

घरी जाताना मी गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, मध्येच नव्या घरांच्या पाट्या. आमचं घरही असंच नवीन, वर्षही झालं नव्हतं घेऊन. तू सोमवारी जाऊ नकोस, शैलेंद्र म्हणाला. रिझाइन कर. मी सांगतो त्यांना, तब्येत बरी नाही म्हणून.

का, म्हणून मी विचारलं. हवा तर स्वच्छ आहे ना?

तो तुटक तुटक सांगायला लागला. वाफा ओढणाऱ्या पंख्यांतला एक त्या आठवड्यात बंद पडला होता. दुसऱ्या पंख्यावर भागवत होते. दुरुस्ती करायची तर लाइन थांबवावी लागली असती, साहेब म्हणाला, विकेंडला बघू, आणि शैलेंद्रने मान डोलावली. आम्ही पडलो तेव्हा तो स्वतः वर गच्चीवर धावला आणि बंद पंख्याला जुना पट्टा बसवून तो कसाबसा सुरू केला. मग दुसऱ्या दिवशी हवा मोजली. आता तो पंखा चालतो, पण कधी थांबेल याचा भरवसा नाही, आणि नवा यायला वेळ आहे.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. याला माहीत होतं. मी डांबरावर पडले होते तेव्हा माहीत होतं. काकांचं नाव सुचवताना माहीत होतं. हॉलमध्ये माझं कोपर धरलं तेव्हाही माहीत होतं. काकांनी निदान खरं समजून सांगितलं होतं, अडाणीपणाने का होईना. माझ्या नवऱ्याने मला वेडी ठरू दिलं, आणि मी वेडी नाही हे माहीत असलेला त्या हॉलमधला तो एकटाच होता.

‘आणि टेरेसा?’ मी विचारलं. ‘लान? त्यांनी जायचं?’

‘विनी, ट्राय टु अंडरस्टँड. लोकांना काढतायत यार रोज. हे बोललो तर पहिला मी जाणार. तू आपल्या बाळाचं बघ ना.’

आपलं बाळ! मला त्याच्या शेजारी बसवत नव्हतं. पण गाडी त्याची, रस्ता शेतांमधला, मी बसून राहिले. रविवारभर घरात मी त्याच्याशी बोलले नाही. त्याला वाटलं, मी मानलं. दिवाळीचा उरलेला चिवडा त्याने स्वतः डब्यात भरून ठेवला, म्हणजे मला बरं वाटावं म्हणून.

सोमवारी तो निघाल्यावर मी माझी गाडी काढली. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी बायका पार्किंग लॉटमध्ये थांबत, कोणी सिगारेट ओढायला, कोणी कॉफी संपवायला. त्या दिवशी जरा जास्तच रेंगाळत होत्या. आत जायला कोणाचाच पाय उचलत नव्हता, पण नोकरी सोडायचीही कोणाची ऐपत नव्हती. मी टेरेसापाशी गेले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पंखा बंद होता. आपल्याला बाहेर आणल्यावर सुरू केला आणि मग हवा मोजली. आताही तो जुन्या पट्ट्यावर चाललाय.

टेरेसाने कप गाडीच्या टपावर ठेवला. ती फार मोठ्याने बोलणारी बाई नव्हती. शुक्रवारपासून तिच्याकडे नवराही वेगळ्याच नजरेने बघतोय, असं तिने मी जवळ गेल्या गेल्याच सांगितलं होतं. तिने विचारलं, ‘हे कोण म्हणतं?’

बरोबरच होतं तिचं. मला असं वाटतं, म्हणून भागणार नव्हतं. बायकांना काय वाटतं याला काकांनी नाव देऊन ठेवलं होतं. तिथे एका पुरुषाचं, इंजिनियरचं, त्याच इमारतीतल्या माणसाचं नाव हवं होतं, आणि त्या नावावर आमचं घर उभं होतं. घराचा हप्ता, माझ्या बाळंतपणाचा विमा, सगळं. मी वर बघितलं. ऑफिसच्या खिडक्या उन्हात चमकत होत्या.

मी माझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं. आडनाव सांगितलं. हुद्दा सांगितला, आणि गच्चीवर पट्टा त्याने स्वतःच्या हाताने बसवला हेही सांगितलं. टेरेसाने ते स्पॅनिशमध्ये मागे वळून सांगितलं. लानने तिच्या बायकांना सांगितलं. एकीकडून दुसरीकडे गेलं, आणि कोणी पडलं नाही, कोणाचा तोल गेला नाही. पाळीची घंटा झाली. दाराकडे कोणी हललं नाही.

साहेब बाहेर आला. त्याच्या मागे शैलेंद्र. साहेबाने आधी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. तीच ती, पहिली पडलेली, मावशीवाली. तो शैलेंद्रकडे वळला आणि सगळ्यांसमोर, अगदी सभ्यपणे, त्याने विचारलं की तुझ्या बायकोची तब्येत ठीक आहे ना, तिला घरी न्यायचं का?

शैलेंद्रला एवढंच म्हणायचं होतं की हो, दमलीय ती. त्याला ते येत होतं, शनिवारीच म्हणून झालं होतं. बायका त्याच्याकडे बघत होत्या. मी बघत नव्हते. मी टेरेसाच्या गाडीच्या टपावरच्या त्या कपाकडे बघत होते, कारण त्याच्या तोंडाकडे बघून मला पुन्हा एकदा आशा लावून घ्यायची नव्हती.

‘शी इज फाइन,’ शैलेंद्र म्हणाला. आवाज बसलेला होता. ‘शी इज टेलिंग द ट्रुथ.’

साहेबाचा चेहरा उतरला. टेरेसाने माझा हात धरला. शैलेंद्र जवळ येऊन माझ्या शेजारी उभा राहिला, आणि मी टेरेसाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले.